सोन्याच्या डबीतील गाणारा पक्षी
(ज्ञातिसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी जेव्हा मला या संमेलनात काही बोलावे असे सुचविले, तेव्हा मी त्यांना म्हटले, ‘मी प्राथमिक शाळेत पाढे व बाराखडी शिकविण्यात हयात घालविलेला मनुष्य. सुवर्णकारांच्या मेळाव्यात मी सोन्याविषयी काय बोलणार?’ त्यावर ते म्हणाले, ‘सोनाराने कान टोचले म्हणजे दुखत नाहीत, हे खरे, पण आमचे कान मास्तरांनीच पिळलेले आहेत.’ यावर उत्तर नव्हते.

आज जो विषय मी निवडला आहे तो आपल्या देशातील नाही. तो आहे स्वित्झर्लंड या डोंगराळ देशातील. माझी कन्या काही वर्षे जिनीव्हा शहरी वास्तव्यास होती, त्यामुळे उतारवयात मला ते शहर पाहण्याचा योग आला. तेथे पातेक फिलीप या घड्याळवाल्यांचे एक संग्रहालय आहे. त्यात एका काचेच्या कपाटापुढे मी इतका वेळ उभा राहिलो की पहारेकऱ्याला माझी शंका आली असावी. कपाटात सोन्याच्या आणि मीनाकामाच्या लहानशा डब्या होत्या. चुलत्यांच्या दुकानात लहानपणी फुंकणी फुंकलेली असल्याने कारागिरीकडे नजर आपोआप जाते.

ती डबी कशी असते ते आधी सांगतो. साधारणपणे चार बोटे लांब, तीन बोटे रुंद आणि उंचीला दीड इंचाच्या आतबाहेर, म्हणजे आपल्याकडील तपकिरीच्या डबीहून थोडी मोठी. वरच्या पृष्ठभागावर मध्यभागी एक लंबगोल झाकणी असते. तीवर बहुधा एखाद्या सरोवराचे, फुलांच्या परडीचे किंवा पुराणकथेतील प्रसंगाचे मीन्यात रंगविलेले चित्र असते. डबीच्या पुढील बाजूस एक इवलीशी खिट्टी. ती सरकविली की झाकणी उघडते आणि आतून अंगठ्याच्या पेराएवढा पक्षी उभा राहतो. तो डावीउजवीकडे वळतो, पंख फडफडवितो, चोच उघडतो व मिटतो, शेपटी हलवितो आणि गातो. हे गाणे सुमारे वीस सेकंद चालते. शीळ थांबते न थांबते तोच पक्षी पाठीवर आडवा होऊन आत जातो आणि झाकणी मिटते. पुन्हा बाहेर सोन्याची डबी, आणि आत काही आहे याचा मागमूसही नाही.

आता कोणी म्हणेल, खेळणेच ते! होय, खेळणेच. परंतु या खेळण्यात सोनार, मीनाकार, नकसगार, घड्याळजी आणि वाद्यकार अशा निदान पाच धंद्यांची विद्या दीड इंचाच्या उंचीत एकत्र आली आहे.

यंत्राचा पक्षी ही कल्पना फार जुनी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया नगरीतील हेरॉन नावाच्या पंडिताने पाण्याच्या दाबाने गाणाऱ्या पक्ष्यांची योजना लिहून ठेवली आहे. घुबड त्यांच्याकडे वळले की ते गप्प होतात, अशी तीत गंमत आहे. सन ९१७ मध्ये बगदादच्या खलिफाच्या दरबारी चांदीचे झाड होते व त्यावर गाणारे पक्षी होते, असे तेथील वृत्तांत सांगतात. आपल्याकडेही अकराव्या शतकातील भोजराजाच्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात यंत्रविधानाचा स्वतंत्र अध्याय असून त्यात यंत्रपक्ष्यांचा उल्लेख येतो. मात्र ‘आमच्या पूर्वजांना सर्व ठाऊक होते’ असे म्हणून स्वस्थ बसणाऱ्यांपैकी मी नव्हे. ग्रंथात उल्लेख असणे निराळे आणि तळहातावर गाणारा पक्षी ठेवून दाखविणे निराळे.

अठराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये ‘सेरिनेत’ नावाची एक छोटी पेटी निघाली. हाताने दांडा फिरविला की तीतील बारीक नळ्यांतून शिट्ट्यांचे सूर निघत. तिचा उपयोग काय, तर पिंजऱ्यातील कॅनरी पक्ष्याला माणसाची गाणी शिकविण्याचा! शार्दँ नावाच्या थोर चित्रकाराने १७५१ साली अशी पेटी वाजविणाऱ्या एका गृहिणीचे चित्र काढले. ते पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयात आहे. म्हणजे आधी यंत्राने पक्ष्याला शिकविले आणि मग यंत्र स्वतःच पक्षी होऊन बसले.

ही करामत ज्या घराण्याच्या नावावर जमा आहे त्याचा मूळपुरुष पिएर झाके-द्रो. त्याचा जन्म १७२१ साली ला शो-द-फों या गावी झाला. हे गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटर उंचीवर, जुरा पर्वतात. हिवाळ्यात तेथे बर्फाने शेते झाकून जात आणि शेतकऱ्यांच्या घरोघरी खिडकीशी बसून घड्याळाचे भाग घासण्याचे काम चाले. पिएरला घरच्यांनी धर्मोपदेशक व्हावा म्हणून शिकविले, पण त्याचे चित्त दंतचक्रांत रमले. १७५५ मध्ये त्याची पत्नी वारली. मुले लहान होती. त्याने पुन्हा लग्न केले नाही. शेजारच्या एका कुटुंबातील झां-फ्रेदेरिक लेशो या मुलालाही त्याने आपल्या घरी पोटच्या मुलासारखे वाढविले आणि स्वतःचा पुत्र आंरी-लुई याच्या जोडीने त्याला कामास बसविले. हे नाव ध्यानात ठेवावे.

१७५८ साली पिएर आपली घड्याळे गाडीत घालून सासऱ्यांसह स्पेनच्या राजाकडे निघाला. त्या काळचे रस्ते आणि नाजूक यंत्रे यांचा विचार केला म्हणजे या धाडसाचे मोल कळते. राजा सहावा फर्दिनांद प्रसन्न झाला. त्या घड्याळांपैकी धनगराचे घड्याळ आजही माद्रिदच्या राजवाड्यात आहे. त्यातील धनगर बासरी वाजवितो आणि त्याचा कुत्रा फळांच्या टोपलीची राखण करतो. टोपलीतील सफरचंदाला हात लावताच तो भुंकतो.

घरी परतल्यावर मिळालेल्या धनातून पिता, पुत्र आणि मानसपुत्र या तिघांनी ज्या तीन पुतळ्या घडविल्या, त्यांनी १७७४ साली युरोपभर खळबळ उडविली. एक मुलगा लिहितो, दुसरा चित्र काढतो, आणि एक तरुणी खरोखर बोटांनी वाद्य वाजविते. लिहिणाऱ्या मुलाच्या पोटात सुमारे सहा हजार भाग आहेत, आणि चाळीस अक्षरांपर्यंतचा कोणताही मजकूर त्याच्याकडून लिहून घेता येतो. नूशातेल येथील संग्रहालयात तो आजही दौतीत लेखणी बुडवून लिहितो. माझ्या वर्गातील कित्येक मुलांपेक्षा त्याचे अक्षर बरे आहे, हे मला शिक्षक म्हणून कबूल करणे भाग आहे.

आता डबीकडे वळू. पुतळीच्या पोटात जागा पुष्कळ. डबीत जागाच नाही, हीच खरी अडचण होती. सेरिनेतच्या पद्धतीने प्रत्येक सुराला एक नळी धरली तर आठदहा नळ्या झाल्या. त्या डबीत मावणार कशा? येथे जी युक्ती निघाली ती साधी असल्यामुळेच थोर म्हणावी लागते. नळी एकच ठेवली आणि तिच्या आत मागेपुढे सरकणारा दट्ट्या बसविला. दट्ट्या आत गेला की हवेचा स्तंभ आखूड होऊन सूर चढतो, मागे आला की उतरतो. शिवाय सूर एकातून दुसऱ्यात घसरत जातो, आणि हीच तर खऱ्या पक्ष्याच्या गळ्याची रीत. आपल्या गायकाची मींड म्हणा ना! नळ्यांच्या संचात ती कधीच साधली नसती. झाके-द्रो आणि लेशो यांच्या कारखान्यात १७८० नंतरच्या दशकात ही युक्ती रूढ झाली असे जाणकार मानतात.

दट्ट्याला कधी, किती सरकायचे ते कोणी सांगावे? त्यासाठी एका आसावर पितळी चकत्यांची चळत असते. प्रत्येक चकतीची कड कानशीने खाचखळगे करून घासलेली. त्या कडेवरून एक टोकदार दांडी फिरते आणि कड जशी वरखाली होईल तशी हालते. एका चकतीची दांडी दट्ट्या सरकविते, दुसरीची हवेची झडप उघडमीट करते. चोचीला, पंखांना आणि शेपटीला आपापली योजना. वारा पुरविण्यासाठी पातळ कातड्याचा इवला भाता, अगदी आपल्या भट्टीच्या भात्यासारखा, पण दोन बोटांत मावणारा. शक्ती पोलादी कमानीची, आणि वेग आवरण्यासाठी गरगर फिरणारा पंखा. म्हणजे त्या पक्ष्याचे सबंध गाणे पितळेच्या कडेवर कानशीने लिहिलेले असते. कानशीचा एक घाव जास्त पडला तर सूर बिघडला; मग ती चकती मोडीत टाकून नवी घ्यायची. पितळेला पुन्हा मूळ कड आणता येत नाही.

कमानीचा जोर आरंभी जास्त आणि शेवटी कमी असतो. तो सारखा राहावा म्हणून जुन्या डब्यांत शंकूच्या आकाराच्या चक्रीवर गुंडाळलेली एक बारीक साखळी असे. या साखळ्यांची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. इंग्लंडातील क्राइस्टचर्च गावी १७९० पासून घड्याळांकरिता अशा साखळ्यांचा कारखाना होता. केसाएवढ्या जाडीचे दुवे जुळविण्याचे काम स्त्रिया आणि मुली करीत, आणि त्यांत अनाथगृहातील पोरीही असत. भिंगावर डोळे लावून तासन् तास बसायचे. अशा मुलींची दृष्टी पुढे काय राहिली असेल? राजेरजवाड्यांच्या घड्याळांवर घडविणाऱ्या व्यापाऱ्यांची नावे आहेत. या मुलींची कोठेच नाहीत.

डबीच्या अंगाविषयी आपल्यासारख्या जाणत्या श्रोत्यांपुढे मी थोडे भीतभीतच बोलतो. आपल्याकडे जयपुरी मीनाकामात सोन्यात खोलगट घरे कोरून ती मीन्याने भरतात. जिनीव्हेकरांनाही ती रीत ठाऊक होती, परंतु त्यांचा विशेष दोन गोष्टींत. पहिली म्हणजे, सोन्याच्या पत्र्यावर यंत्राने लाटांसारख्या किंवा किरणांसारख्या बारीक रेषा कोरून त्यावर पारदर्शक मीना चढविणे. निळ्या मीन्याखालून त्या रेषा अशा चमकतात की पाण्याच्या तळाशी ऊन पडावे. दुसरी म्हणजे, मीन्याच्या रंगांनी कुंचल्याने चित्र काढून, ते भाजून, त्यावर पुन्हा रंगहीन काचेचा थर देणे. चित्र जणू पाण्याखाली सुरक्षित राहते. हात लागून झिजत नाही. झां-लुई रिश्टर (१७६६–१८४१) हा या कलेतील नामांकित चित्रकार. जिनीव्हाचे सरोवर, त्यातील शिडाची गलबते, मागे डोंगर, आणि सगळे दोन इंचांत!

मीना म्हणजे काचेची पूड. कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा, आणि खुद्द सोन्याच्याच क्षारांनी गुलाबी रंग येतो. भट्टीची उष्णता सुमारे आठशे अंश. सोने वितळते १०६४ अंशांवर, आणि हिणकस सोने त्याहून आधीच. डाखाची गोष्ट तर बोलायलाच नको! प्रत्येक रंगाचा ताव निराळा, म्हणून अधिक ताव सोसणारा रंग आधी आणि नाजूक रंग शेवटी. चित्र भट्टीत अनेक वेळा जाते आणि प्रत्येक वेळी तडकण्याची भीती. पत्रा वाकू नये म्हणून मागल्या बाजूसही मीना द्यावा लागतो. तो कोणाला दिसत नाही, पण त्यावाचून पुढचा टिकत नाही. पुष्कळदा मीन्याच्या पट्ट्या वेगळ्या भाजून मग डबीच्या चौकटीत बसवीत, त्याचे कारण आपणांस सांगावयास नकोच.

जिनीव्हात ही विद्या एवढी का वाढली याचे एक कारण गमतीचे आहे. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन या कडक धर्मसुधारकाच्या अमलात तेथे दागदागिन्यांवर निर्बंध आले. सोनारांचा धंदा बसला. तेव्हा त्यांनी आपला हात घड्याळांकडे वळविला, कारण घड्याळ ही उपयोगाची वस्तू, चैनीची नव्हे! १६०१ मध्ये तेथे घड्याळजींचा रीतसर संघही झाला. पुढे निर्बंध सैल पडले, तोवर घड्याळजी आणि सोनार एकाच गल्लीत नांदू लागले होते. सँ झेर्वे भागात उंच घरांच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, जेथे उजेड भरपूर, तेथे हे कारागीर खिडकीशी बसत. धंदा बुडाला म्हणून हातावर हात ठेवून बसले नाहीत, एवढे मला त्यांच्याविषयी आदराने वाटते.

पण पुढला काळ कठीण आला. झाके-द्रोंचा माल लंडनमार्गे चीनमधील कँटन बंदरी जाई. तेथील श्रीमंतांना अशा वस्तू जोडीने लागत. तेथील येणे थकले. १७९० मध्ये पिएर वारला आणि लगेच १७९१ मध्ये पुत्र आंरी-लुई नेपल्स येथे चाळिशीही न गाठता गेला. फ्रान्समध्ये क्रांतीचा वणवा पेटला होता, लढायांनी समुद्र बंद झाले होते. अशा वेळी सगळा डोलारा एकट्या लेशोच्या खांद्यावर आला. हाच तो शेजाऱ्याचा मुलगा. त्याने दुकान मोडले नाही. पुढील कित्येक वर्षे त्याने डब्या करविल्या, देणेकऱ्यांना तोंड दिले, कारागिरांना काम दिले. तो १८२४ पर्यंत जगला. याच घराने हात गमावलेल्यांसाठी कृत्रिम हातही केले होते. जन्मतः व्यंग असलेल्या ग्रिमो द ला रेनिएर या फ्रेंच गृहस्थाच्या यांत्रिक हातांचे श्रेय त्यांनाच देतात. पुढे हा गृहस्थ खाद्यपदार्थांवरील लेखनाने विख्यात झाला.

लेशोकडे काम करणाऱ्यांत जुरा भागातील व्हिलरे गावचा जाकोब फ्रिसार (१७५३–१८१०) हा एक विलक्षण हुशार मनुष्य होता. डब्यांच्या यंत्रांत त्याचा हात मोठा, पण बाहेरच्या जगात नाव दुसऱ्यांचे चाले. व्हॅले द झू या खोऱ्यातून आलेले रोशा बंधूही आरंभी असेच पडद्याआड होते. पुढे ते जिनीव्हात स्वतंत्र झाले आणि आपल्या यंत्रावर ‘एफ. आर.’ ही अक्षरे उमटवू लागले. आज ही दोन अक्षरे पाहून संग्राहक श्वास रोखतात. या रोशांची म्हणून मानली जाणारी, १८२० च्या सुमाराची सोन्याची पिस्तुलांची एक जोडी आहे. चाप ओढला की नळीतून गोळीऐवजी गाणारा पक्षी निघतो! ही जोडी २०११ साली हाँगकाँगच्या लिलावात सुमारे ५८ लाख अमेरिकी डॉलरला गेली. ज्याने ती घडविली त्याला किती मिळाले असतील, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. माझ्याही आला.

रोशांच्या नंतर जिनीव्हाच्या शार्ल ब्रुगिए (१७८८–१८६२) याने यंत्र सुटसुटीत केले. १८४९ पासून पॅरिसमध्ये ब्लेझ बोंताँ याच्या घराने पिंजऱ्यातील पक्षी आणि डब्या मोठ्या प्रमाणावर केल्या. बोंताँच्या पक्ष्यांचा आवाज अधिक खरा असतो असे म्हणतात. जर्मनीत ट्रीबेर्ग गावी कार्ल ग्रीसबाउम याच्या कारखान्याने १९०५ पासून विसाव्या शतकात हे काम चालविले. सोन्याची जागा बहुतेक चांदीने व मुलाम्याने घेतली आणि डबी मध्यम स्थितीतील घरांतही पोहोचली. १९६० साली बोंताँचे घर स्वित्झर्लंडमधील सँत-क्रुआच्या रूज या मंडळींनी घेतले. याविषयी अधिक सांगण्यासारखे नाही; खरा बहराचा काळ १७८५ ते १८४० एवढाच.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. हा पक्षी जिवंत वाटावा म्हणून त्याच्या अंगावर खरी पिसे बसवीत, आणि ती बहुधा अमेरिकेतील हमिंगबर्ड या चिमुकल्या पक्ष्याची. खोटा पक्षी सजविण्यासाठी खरा मारला! डेन्मार्कच्या अँडरसनने १८४३ साली ‘बुलबुल’ ही गोष्ट लिहिली. तीत चीनच्या बादशहाला रत्नजडित यांत्रिक बुलबुल भेट येतो आणि दरबार खऱ्या बुलबुलाला विसरतो. ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली, आणि मुले नेहमी खऱ्या बुलबुलाच्या बाजूने उभी राहिली. त्यांचे बरोबरच आहे. परंतु कारागिराचाही एक पक्ष आहे. चकतीची कड घासणारा तो मनुष्य आधी खिडकीबाहेर गाणाऱ्या पक्ष्याला किती दिवस ऐकत बसला असेल! अँडरसनच्या दरबाऱ्यांनी तेवढे कधीच ऐकले नव्हते.

आज या डब्यांचे शत्रू दोन. भात्याचे कातडे वाळून तडकते, आणि पिसांना कसर लागते. दोन्ही दुरुस्त करणारे हात जगात थोडे उरले आहेत. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने स्वित्झर्लंड आणि फ्रान्समधील घड्याळविद्या व यंत्रकला यांना मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. म्हणजे त्यांनी वस्तूबरोबर विद्येचीही नोंद केली. आपल्या घरांत वडिलांनी मुलाला कानशी धरायला शिकविण्याची रीत होती. ठुशीचे मणी, साजाची पाने, नथीची तार. हे हाताने करणारे आपल्यांत आज किती आहेत, याची मोजदाद मंडळाने अद्याप केलेली नाही. स्मरणिकेत यंदा विवाहेच्छूंची यादी आहे, गुणवंत विद्यार्थ्यांची आहे. पुढील वर्षी हातकाम जाणणाऱ्या वृद्ध कारागिरांची, त्यांच्या विशेष कामासह, एक यादी द्यावी अशी माझी सूचना आहे. टिपणे घेण्याचे काम मी करीन. त्याला मॅट्रिकची विद्या पुरेशी आहे.

आणखी एक विनंती. कोणाच्या घरी मीनाकामाचा जुना दागिना असेल तर तो उजळण्यासाठी तेजाबात घालू नये, आणि तडा गेला म्हणून मोडीत तर मुळीच देऊ नये. मीना एकदा उडाला की नुसते सोने उरते, आणि सोने काय, बाजारात मिळते.

मी जिनीव्हाहून आणलेली काही रंगीत चित्रे बाजूच्या टेबलावर मांडली आहेत. यंत्राच्या आतील भागाचेही एक आहे. भिंग शेजारीच ठेवले आहे. आधी लहान मुलांना पाहू द्यावे.